हलवायाच्या घरावर तुळशीपत्र



आजचा आमचा विषय आहे इंटरनेटवर परवानगीवाचून चालणारी फाईलींची देवाणघेवाण. पुस्तके, गाणी, चित्रपट, नाटकांची ध्वनिमुद्रणे यांच्या प्रती ज्या वाटांनी घरोघर पोचतात त्या वाटा, त्यांतले धोके आणि त्यांतली नीती, यांचा आम्ही विचार करणार आहोत. विषयाचे नाव ऐकून काही वडीलधाऱ्यांना वाटले असेल की, हा पोरांचा उद्योग. आपला त्याच्याशी काय संबंध? पण थोडे आजूबाजूला पाहिले तर ध्यानात येईल की, या उद्योगात पोरांपेक्षा थोरांचाच हात अधिक सैल आहे. सकाळी चहाच्या वेळी मोबाइल हाती घ्यावा, कोणा स्नेह्याने पाठवलेला शेकडो मराठी पुस्तकांच्या पीडीएफचा गठ्ठा त्यात दिसावा, 'वाचनप्रेमींपर्यंत पोचवा' अशी खाली प्रेमळ आज्ञा असावी, आणि आपण तो गठ्ठा तितक्याच प्रेमाने आणखी चार ग्रुपांवर ढकलावा, हे आता पुष्कळ सुशिक्षित घरांतले नित्यकर्म झाले आहे.

असे करणाऱ्याच्या मनात चोरी नसते, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. उलट त्याच्या मनात दानाची भावना असते. आपण वाचनसंस्कृतीची सेवा केली, मराठीचे पांग फेडले, असे त्याला खरोखरच वाटते. परंतु दानाला एक अट असते. जे द्यायचे ते आधी आपले असावे लागते. दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. आणि दुसऱ्याच्याच मालावर तुळशीपत्र ठेवून दाते म्हणून मिरवणाऱ्यांसाठी आपल्या पूर्वजांनी 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' हा वाक्प्रचार करून ठेवला आहे. मिठाई हलवायाची, कष्ट हलवायाचे, आणि पुण्य मात्र आमचे! आजच्या आमच्या सगळ्या म्हणण्याचे सार या एका वाक्प्रचारात आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नक्कल करणे ही गोष्ट मुळातच पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर आमचे अर्धे प्राचीन वाङ्मय आमच्या हाती लागलेच नसते. छापखाना येण्यापूर्वी ज्याला ग्रंथ हवा त्याने तो बसून उतरून घ्यायचा, हीच रीत होती, आणि उतरून देणारा पुण्यवान समजला जाई. पण त्या काळीही नकलेला जबाबदारी होती. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली १२९० साली. पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होत गेल्या आणि पाठ इतके बिघडले की, १५८४ साली एकनाथमहाराजांना अनेक प्रती मिळवून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. यापुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घुसडू नये, असेही त्यांनी बजावून ठेवले. म्हणजे नाथांना नकलेचे वावडे नव्हते. बेजबाबदार नकलेचे होते.

दुसरी गोष्ट नावाची. आमच्या संतांनी मानधन मागितले नाही, पण अभंगाच्या शेवटी आपली मुद्रा ठेवली. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटाने तर त्याला घरोघर पोचवले. त्या सालोमालोवर आपण आजही हसतो. आणि मोबाइलवर मात्र कोणाची कविता कोणाच्या नावावर फिरते आहे, कोणाच्या लेखाखालचे नाव कोणी पुसले आहे, याची आपल्याला खंत वाटत नाही. सालोमालो एकच होता आणि गावाला माहीत होता. आजचा सालोमालो दिसत नाही, कारण पुढे ढकलणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या अंगी त्याचा अंश येतो.

आता या व्यवहाराची यंत्रणा पाहू. १९९९ साली शॉन फॅनिंग या अमेरिकन विद्यार्थ्याने 'नॅपस्टर' नावाची सोय काढली. लोकांच्या संगणकांतील गाणी एकमेकांना परस्पर मिळावीत अशी ती युक्ती होती. तिची नोंदवही मात्र एका मध्यवर्ती ठिकाणी असे, त्यामुळे न्यायालयाने बडगा उगारताच २००१ साली ती बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन याने 'बिटटॉरेंट' ही निराळी पद्धत आणली. तीत मोठ्या फाईलीचे बारीक तुकडे करतात. ज्याला जो तुकडा मिळाला तो त्याच्या संगणकावरून लगेच इतरांना जाऊ लागतो. पूर्ण फाईल कोणा एकाकडूनच येते असे नाही. ती शेकडो ठिकाणांहून गोळा होते. ही युक्ती स्वतः निर्दोष आहे. मुक्त संगणकप्रणाली वाटण्यासाठी तिचा उत्तम उपयोग होतो. सुरीने भाजी चिरतात म्हणून सुरीला कोणी दोष देत नाही.

पण या रचनेचा एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 'आम्ही फक्त घेतले, कोणाला दिले नाही,' असे म्हणण्याची सोय येथे राहत नाही. चित्रपट उतरवून घेत असतानाच आपला संगणक त्याचे तुकडे अनोळखी माणसांना वाटत असतो. आपण गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरलो आणि नकळत दुकानदार होऊन बसलो! शिवाय या व्यवहारात प्रत्येकाच्या जोडणीचा क्रमांक इतर सहभागी यंत्रांना दिसतो. काळोखात उभे आहोत असे वाटणारा माणूस वास्तविक कंदील हाती धरून उभा असतो.

याहून मोठा धोका आहे तो दारातून आत येणाऱ्या पाहुण्याचा. चोरीचा माल देणाऱ्या संकेतस्थळांना आपल्या वाचनाची वा करमणुकीची काळजी असण्याचे कारण नाही. त्यांचा धंदा जाहिरातींवर चालतो, आणि पुष्कळदा त्याहून वाईट गोष्टींवर. पुस्तकाचे नाव धारण केलेली फाईल उघडावी आणि ती पुस्तक नसून संगणकात शिरणारा घातक प्रोग्रॅम निघावा, हा प्रकार जुना आहे. अलीकडे मोबाइलवर 'एपीके' नावाच्या फाईली येतात. 'हे ॲप घ्या आणि सगळे चित्रपट फुकट पाहा,' असे आमिष असते. ते ॲप बसवताना आपले संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि आपण घाईघाईने 'होय' म्हणतो. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो. तीनशे रुपयांचे तिकीट वाचवायला जावे आणि निवृत्तिवेतनाची शिल्लक गमवावी, असा हा सौदा आहे. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग ओढवलाच, तर लाजून गप्प बसू नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेस कळवावे. जितका उशीर होईल तितका पैसा हातचा जातो.

आता कायद्याकडे वळू. ग्रंथकाराचा हक्क मानणारा पहिला प्रसिद्ध कायदा इंग्लंडात १७१० साली झाला. आपल्याकडे १८४७ आणि १९१४ साली परकीय राजवटीतले कायदे आले, आणि स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ साली संमत झाला. त्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्यातील नफ्यासाठी हे कृत्य केले नसेल तर विशेष कारणे नमूद करून शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायालयास आहे. पण 'पैसे घेतले नाहीत म्हणजे गुन्हा नाही' ही समजूत चुकीची आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. चित्रपटांच्या बाबतीत २०२३ सालच्या दुरुस्तीने चित्रगृहात बसून चोरून चित्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद ठेवली असून, दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

परंतु श्रोतेहो, तुरुंगाचा धाक घालून नीती शिकवावी हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. शेजाऱ्याच्या अंगणातले फूल आपण तोडत नाही ते पोलिसाच्या भीतीने नव्हे. म्हणून कायदा बाजूस ठेवून आपण या व्यवहारातला हिशेब पाहू.

समजा, एका लेखकाने तीन वर्षे खपून पुस्तक लिहिले. प्रकाशकाने त्याच्या हजार प्रती काढल्या आणि किंमत ठेवली तीनशे रुपये. लेखकाला दहा टक्के मानधन मिळाले आणि सगळ्या प्रती खपल्या, तर त्याच्या हाती पडले तीस हजार रुपये. छत्तीस महिन्यांवर हे वाटून पाहा. महिना ८३३ रुपये पडतात. रोज अर्धा लिटर दूध घेणाऱ्या घराचे दुधाचे बिल तरी त्यात धड भागते का? आणि हे सर्व प्रती खपल्या तर! आता या हजारांतल्या दोनशे गिऱ्हाइकांना पुस्तक मोबाइलवर फुकट मिळाले असे धरा. लेखकाचे सहा हजार गेले, हे नुकसान लहान आहे. मोठे नुकसान पुढे आहे. पहिली आवृत्ती प्रकाशकाच्या गोदामात पडून राहते, दुसरी निघत नाही, आणि तो लेखक पुढचे पुस्तक घेऊन जातो तेव्हा प्रकाशक हात जोडतो. जे पुस्तक चोरीला गेले त्याचे दुःख एक वेळ सोसता येईल. पण जे पुस्तक या व्यवहारामुळे लिहिलेच गेले नाही, त्याचा शोक कोणी करायचा? त्याचे तर नावही आपल्याला कळणार नाही.

इंग्रजीसारख्या भाषेचे ग्राहक जगभर पसरलेले आहेत. तिथे चार ठिकाणी गळती झाली तरी घागर भरते. मराठीची घागर लहान आहे. २०१६ साली 'सैराट' चित्रपटाची चोरीची प्रत पसरली, तरीही त्याने मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचे आधीचे विक्रम मोडले. मग चोरीने काय बिघडले, असे विचारणारे भेटतात. त्यांना आमचे उत्तर असे की, वडाच्या झाडाची चार पाने शेळीने खाल्ली तर वडाला कळतही नाही. तीच चार पाने रोपाची खाल्ली तर रोप मरते. नवा कवी, शास्त्रीय विषयावर लिहिणारा लेखक, कोशकार, भाषांतरकार, ही सगळी रोपे आहेत. शब्दकोशासारखे काम तर वर्षानुवर्षे चालते, आणि त्याचा खप सावकाश असतो. नेमके तेच पुस्तक लोक सर्वांआधी एकमेकांना पाठवतात, कारण ते उपयुक्त असते!

यावर काही आक्षेप येतात, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. एक आक्षेप असा की, दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचे काही कमी होत नाही. तसेच फाईलीची नक्कल केली तरी मूळ फाईल जिथल्या तिथे राहते. मग चोरी कसली? दृष्टांत सुंदर आहे, पण अपुरा आहे. ज्योत कमी होत नाही हे खरे, परंतु दिव्यात तेल कोणीतरी घालावे लागते. पुस्तक विकत घेणारा वाचक ते तेल घालतो. सगळेच जण ज्योतीवर वाती लावून घेऊ लागले आणि तेलाची जबाबदारी कोणीच घेतली नाही, तर पहिला दिवाच विझेल.

कोणी म्हणेल, ग्रंथालयात तरी काय होते? एक पुस्तक शंभर जण फुकट वाचतात! नाही. तिथे एका वेळी एकच जण वाचतो, बाकीचे वाट पाहतात. पुस्तक झिजते, मागणी वाढली तर ग्रंथालय दुसरी प्रत घेते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, आणि गावोगावची ग्रंथालये ही मराठी पुस्तकांची मोठी गिऱ्हाइके आहेत. आपल्या मालकीची प्रत मित्राला वाचायला देणे हेही सर्वस्वी आपल्या अधिकारातले आहे. आपण पुस्तक दिले की आपल्या फळीवर तेवढी जागा रिकामी होते. पीडीएफ पाठवताना आपली फळी रिकामी होत नाही. त्या देण्यात आपण काहीच सोडत नाही.

तिसरा आक्षेप गरजूंचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. गरीब विद्यार्थ्याने महागडे ग्रंथ कोठून आणावेत? त्याला आमचे सांगणे असे की, कायदा त्याचा वैरी नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात अभ्यासक्रमातील पुस्तकांच्या निवडक भागांच्या छायाप्रती काढून देणाऱ्या एका दुकानाविरुद्ध तीन मोठ्या परदेशी प्रकाशनसंस्था न्यायालयात गेल्या होत्या. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी केलेला असा उपयोग कायद्याच्या सवलतीत बसतो असे ठरवले. खाजगी अभ्यास, संशोधन, समीक्षा यांसाठी रास्त उपयोगाची मुभा कायद्यातच आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात प्रती करण्याची मुभा २०१२ सालच्या दुरुस्तीने दिली, आणि त्याच हेतूने झालेल्या माराकेश येथील आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ साली मान्यता देणारा पहिला देश भारत होता. तेव्हा गरजूचा प्रश्न खरा आहे, पण ज्याच्या हातात वीस हजारांचा मोबाइल आहे त्याने दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी गरजूच्या आडोशाला उभे राहू नये.

चौथा आक्षेप प्रकाशकांनी ऐकावा असा आहे. पुष्कळ चांगली मराठी पुस्तके आज विकतच मिळत नाहीत. आवृत्ती संपली, वारसांत वाद आहे, प्रकाशनसंस्था बंद पडली. वाचकाने करावे काय? हे दुखणे खरे आहे. ज्या दुकानाचे दार सदैव बंद असते त्याच्या मागच्या खिडकीशी गर्दी होणारच. प्रकाशकांनी जुनी पुस्तके मागणीप्रमाणे छापून द्यावीत, रास्त दरात ई-पुस्तके काढावीत, आणि वारसांनी ग्रंथ कुलपात ठेवण्यापेक्षा वाचकांच्या हाती जाऊ द्यावेत. कायद्यातही वाट आहे. जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या उपयोगासाठी करता येतात. आमच्या किती ग्रंथालयांनी या सवलतीचा लाभ घेतला आहे, हा प्रश्न येथे उपस्थित असलेल्या कार्यवाहांनी स्वतःस विचारावा.

आणि वाटायचेच असेल तर मोकळेपणाने वाटता येईल असे धन थोडेथोडके नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती, १९९२ साली साठ झाली. ती फार लांब आहे असे म्हणणारे अनेक आहेत, आणि तसे मत मांडण्यास कोणाची हरकत नाही. हरिभाऊ आपटे, केशवसुत, गडकरी, टिळक केव्हाच मुक्त झाले. साने गुरुजी १९५० साली गेले. १ जानेवारी २०११पासून त्यांचे लेखन सर्वांचे आहे. डॉ. आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ २०१७च्या आरंभापासून मुक्त आहेत. आचार्य अत्रे यांच्या लेखनाचा हक्क मात्र २०२९ अखेरपर्यंत, आणि पु. ल. देशपांडे यांच्या लेखनाचा २०६० अखेरपर्यंत राहील. मराठी विश्वकोश इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. लेखकांच्या संमतीने ई-पुस्तके विनामूल्य देणाऱ्या संस्थाही मराठीत आहेत. एवढा मोठा खुला मळा समोर असताना शेजाऱ्याच्या कुंपणाशी खटपट कशाला?

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गावोगाव आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पण दर्जा सरकार देते, भाषा जगवायची असते ती वाचकांनी. अभिजाततेचे अभिनंदन आणि चोरीच्या पुस्तकांचा गठ्ठा एकाच ग्रुपावर, एकाच सकाळी फिरावा, यातली विसंगती आपल्याला टोचली पाहिजे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. आज कोणा एका लेखकाचे सहा हजार गेले याहून अधिक चिंता आम्हांस याची वाटते की, लेखनाला मोल असते ही जाणीवच नव्या पिढीतून पुसली जाईल. ज्या मुलाने वडिलांना कधी पुस्तक विकत घेताना पाहिले नाही, त्याने ते का घ्यावे?

म्हणून आपणांजवळ आमचे मागणे थोडके आहे. पुस्तकांचा गठ्ठा आला तर तो पुढे पाठवण्यापूर्वी, हे वाटायचा अधिकार कोणाचा, एवढे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तो आपल्यापाशीच थांबवावा. कोणाचेही लेखन पाठवताना लेखकाचे नाव शोधून लिहावे. जे पुस्तक फुकट वाचले आणि आवडले, त्याची एक प्रत विकत घेऊन कोणाला भेट द्यावी, किंवा आपल्या ग्रंथालयास द्यावी. पुस्तक मिळत नसेल तर प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकावे. पंचवीस पोस्टकार्डे आली तर प्रकाशकही विचार करू लागेल. आणि वाढदिवसाला, मुंजीला, लग्नाला जो आहेर आपण करतो, त्यात एखादे मराठी पुस्तक असावे. त्यावर तुळशीपत्र ठेवण्याचा अधिकार आपला असेल, कारण त्याचे दाम आपण मोजलेले असेल.